रोबोंनी बोलावलेली माणसं

एप्रिल 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला संगीत महोत्सवात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत मैदानावरच्या मोठ्या पडद्यांवर एक जाहिरात सुरू झाली. टिकल्यांचे चमचमते कोट घातलेले चार जण वाजवत होते. एकाच्या हातात पांढरी गिटार, एक गाणारा, आणि बेस गिटार व ड्रमवर डोक्याला हेल्मेट चढवलेले दोघं. लोक पडद्यांकडे धावले. ज्यांची ही जाहिरात होती ते 'डाफ्ट पंक' त्या महोत्सवात वाजवणारही नव्हते. थोड्याच दिवसांत, 19 एप्रिलला, पूर्ण गाणं बाजारात आलं. ते म्हणजे 'गेट लकी'.

त्या दृश्यात एक गंमत दडलेली होती. हेल्मेटवाले दोघं जी वाद्यं वाजवताना दिसतात, ती गाण्यात त्यांनी वाजवलेलीच नाहीत. बेस वाजवली आहे नेथन ईस्टने आणि ड्रम ओमर हकीमने. गिटारवाला मात्र खरा. तो नाइल रॉजर्स. तेव्हा साठी ओलांडलेला, 1970 च्या दशकातल्या डिस्कोचा एक मुख्य शिल्पकार. गाणारा फॅरेल विल्यम्सही खरा. हेल्मेटाआडचे दोघं, म्हणजेच 'डाफ्ट पंक'चे टोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो, हे पॅरिसचे. वीस वर्षं यंत्रांवर संगीत करून त्यांनी नाव कमावलं होतं आणि 2001 पासून लोकांसमोर ते रोबो म्हणूनच यायचे. 9 सप्टेंबर 1999 रोजी सकाळी 9 वाजून 9 मिनिटांनी स्टुडिओत स्फोट झाला आणि शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही रोबो झालो होतो, अशी कथा त्यांनीच पसरवली होती. असल्या रोबोंनी हाडामांसाच्या वादकांना पैसे मोजून स्टुडिओत बोलावलं आणि त्यांच्याकडून वाजवून घेतलं, ही या गाण्याची खरी हकीकत आहे. जुन्या आवाजाची नक्कल करणारी गाणी शेकड्याने झाली. 'गेट लकी' निराळं ठरलं ते जुना आवाज ज्या हातांनी आणि ज्या रीतीने घडायचा ते हात आणि ती रीत परत आणल्यामुळे, असं मला वाटतं.

आधी तो जुना आवाज म्हणजे काय ते पाहू.

डिस्कोचा ठेका समजायला सोपा आहे. चार मात्रांचं आवर्तन धरा. प्रत्येक मात्रेवर पायाने वाजवायचा मोठा किक ड्रम: धम, धम, धम, धम. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा कडक फटका. आणि दोन मात्रांच्या बरोबर मधोमध हाय-हॅटच्या झांजा किंचित उघडून निघणारा 'त्स्स'. धम-त्स्स, धम-त्स्स. हा उघड्या झांजेचा आवाज डिस्कोची ओळख बनला, त्याचं श्रेय बहुतेक जण फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग या ड्रमरला देतात. 1973 सालच्या 'द लव्ह आय लॉस्ट' या गाण्यात तो ठसठशीत ऐकू येतो. पायाखाली न चुकणारी चाल आणि वरून तिला सतत पुढे ढकलणारी झांज, यामुळे नाचणाऱ्याला मात्रा मोजावी लागत नाही. अनोळखी गाणं लागलं तरी पाय आपोआप पडतात.

फंक थोडा वेगळा. त्याचा मूळपुरुष जेम्स ब्राउन. तो आपल्या वादकांना एकच गोष्ट बजावायचा: पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र पडायचं. ज्याच्या कानांना समेची सवय आहे त्याला यातली मजा वेगळी सांगायला नको. सम गाठली की उरलेल्या वेळात ज्याने त्याने आपापली फट शोधायची. गिटार एका फटीत, शिंगं म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन दुसऱ्या फटीत, बेस त्या सगळ्यांच्या खालून लपतछपत. फंकमध्ये सुरांपेक्षा सोडलेल्या जागांना जास्त किंमत असते. डिस्कोने हा सगळा ऐवज उचलला, त्याखाली तो न थांबणारा किक ड्रम घातला, वर व्हायोलिनांचे ताफे चढवले आणि नाचघरांसाठी एक नवं संगीत तयार झालं.

ही नाचघरं सुरुवातीला कुणाची होती हे विसरून चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो 1970 पासून आपल्या राहत्या जागेत खासगी पार्ट्या भरवायचा, त्या जागेला 'द लॉफ्ट' म्हणत. तिथे आणि तसल्या ठिकाणी जमायचे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोक, ज्यांना इतरत्र मोकळेपणाने नाचायची सोय नव्हती. सात वर्षांनी 'सॅटर्डे नाइट फीव्हर' चित्रपट आला आणि तेच संगीत गोऱ्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचलं. मग अति झालं. जो उठला तो डिस्कोची तबकडी काढू लागला, रेडिओ स्टेशनंच्या स्टेशनं डिस्कोला वाहिली गेली, आणि रॉक ऐकणाऱ्या एका मोठ्या वर्गाच्या डोक्यात तिडीक गेली.

ती बाहेर पडली 12 जुलै 1979 च्या रात्री, शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाने टूम काढली: डिस्कोची एक तबकडी घेऊन या आणि 98 सेंटांत बेसबॉलचे दोन सामने पाहा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत जमलेल्या तबकड्या मैदानात सुरुंग लावून उडवल्या गेल्या. हजारो लोक मैदानात घुसले, हिरवळीची वाट लागली आणि दुसरा सामना शिकागोच्या संघाला सोडून द्यावा लागला. त्या रात्री मैदानावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करत होता. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या, नुसत्याच कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्याही कितीतरी होत्या, असं त्याने पुढे सांगितलं. या एका निरीक्षणावरून त्या रागाच्या मुळाशी आणखी काय होतं ते कळतं.

नाइल रॉजर्सची सगळी कारकीर्द या घटनेच्या दोन्ही बाजूंना विभागलेली आहे. त्याचा आणि बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्सचा 'शीक' हा बँड. 1977 च्या वर्षअखेरच्या रात्री गायिका ग्रेस जोन्सने बोलावलं म्हणून हे दोघं न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ 54' या बड्या नाचघरात गेले, तर दारवानाने आत सोडलं नाही. चिडून ते नाइलच्या घरी परतले आणि दारवानाला शिव्या घालत वाजवत बसले. त्या शिवीचे शब्द सौम्य करून जे गाणं झालं ते 'ल फ्रीक', 1978 चं प्रचंड गाजलेलं गाणं. पुढच्या वर्षी त्यांचं 'गुड टाइम्स' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, कोमिस्की पार्कच्या रात्रीनंतर जेमतेम महिन्याभराने. एकच आठवडा ते तिथे राहिलं. त्याला खाली उतरवलं 'माय शरोना' या रॉक गाण्याने आणि पुढचे सहा आठवडे ते हललं नाही. त्यानंतर 'शीक'ला तसं यश पुन्हा मिळालं नाही.

नाइल मात्र मिटला नाही. त्याने दुसऱ्यांची गाणी घडवायला घेतली. डायना रॉसचं 'अपसाइड डाउन', डेव्हिड बोवीचं 'लेट्स डान्स', मॅडोनाचं 'लाइक अ व्हर्जिन' ही त्याच्याच हातची. 'डिस्को' हा शब्द उच्चारायची लाज वाटण्याच्या काळात तीच गिटार दुसऱ्यांच्या नावाने वाजत राहिली. आणि 'गुड टाइम्स'च्या बेसचं तर भाग्यच वेगळं. 1979 मध्येच शुगरहिल गँगने ती चाल वादकांकडून पुन्हा वाजवून घेतली आणि तिच्यावर यमकं जुळवत बडबड केली. ते 'रॅपर्स डिलाइट', घरोघरी पोहोचलेलं पहिलं रॅप गाणं. नाइलने ते एका क्लबात ऐकलं, वकिलांची भाषा केली, तेव्हा कुठे त्याचं आणि एडवर्ड्सचं नाव गीतकार-संगीतकार म्हणून लागलं. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आगीत भस्म झालेला डिस्को गेला तरी कुठे? एक वाट शिकागोतच राहिली. तिथल्या 'वेअरहाउस' क्लबात फ्रँकी नकल्स जुन्या डिस्को तबकड्या वाजवायचा, लांबवायचा, त्यांच्याखाली यंत्राचा ठेका घालायचा. त्यातून 'हाउस' संगीत निघालं. सामन्याच्या रात्री जागा दाखवणारा व्हिन्स लॉरेन्स पाच वर्षांनी अगदी सुरुवातीच्या हाउस तबकडीच्या निर्मात्यांपैकी एक होता. दुसरी वाट म्युनिकची. तिथे संगीतकार जॉर्जियो मोरोडरने 1977 मध्येच गायिका डोना समरच्या 'आय फील लव्ह'साठी जवळजवळ सगळी वाद्यं हटवून सिंथेसायझर लावला होता. यंत्रावरच्या नाचगाण्यांचं घराणं शोधत मागे गेलं की माणूस शेवटी या गाण्यापाशी येऊन थांबतो.

तिसरी वाट आपल्या दारावरून गेली, आणि ती थेट 'डाफ्ट पंक'च्या घरातून निघालेली होती! टोमा बांगाल्तेरचे वडील दानिएल बांगाल्तेर हे दानिएल वांगार्द या नावाने फ्रान्समधले नावाजलेले डिस्को निर्माते. 'ओटावान' या जोडीचं 'डी.आय.एस.सी.ओ.' त्यांचंच. जाँ क्लुगर या साथीदाराबरोबर त्यांनी 'ओटावान'साठी आणखी एक गाणं केलं, 'ते ओके', 1980 चं. दोन वर्षांनी मुंबईत बी. सुभाष यांचा 'डिस्को डान्सर' आला, मिथुन चक्रवर्ती नाचला, आणि पार्वती खान यांच्या आवाजातलं 'जिमी जिमी जिमी आजा' देशभर दुमदुमलं. बप्पी लाहिरींनी त्याची चाल घेतली होती ती याच 'ते ओके'वरून. पुढे तो चित्रपट सोव्हिएत संघात तुफान चालला आणि एका फ्रेंच डिस्को निर्मात्याची चाल हिंदी शब्दांत ताश्कंद-मॉस्कोपर्यंत जाऊन आली. तेव्हा टोमा शाळकरी पोर होता. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा वरातीत 'जिमी जिमी'वर नाचलेल्या मराठी माणसाचा 'गेट लकी'च्या खानदानाशी असा जुना संबंध आहे, भले दोन्हीकडच्यांना तो ठाऊक नसो.

(बप्पीदांच्या या उचलेगिरीबद्दल नाक मुरडण्याची पद्धत आहे. मला तेवढं नाक मुरडवत नाही. 'डिस्को डान्सर'मधलं 'आउवा आउवा'ही एका इंग्रजी गाण्यावरून घेतलेलं आहे, पण उषा उथुप ते ज्या ताकदीने गातात ती कुठून उचलता येत नाही. आणि भारतातून डिस्को बाहेर गेलाच नाही असंही नाही. 1974 मध्ये कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' लंडनमध्ये घडवणारे बिड्डू हे मूळचे बंगळुरूचे. 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' त्यांचंच.)

टोमा आणि गी-मान्युएल यांनी 1990 च्या दशकात जे केलं ते सॅम्पलिंग. जुन्या तबकडीतला दोन-चार सेकंदांचा तुकडा कापायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्याची गती आणि पट्टी बदलायची, फिल्टर लावून आधी घुसमटलेला आणि मग हळूहळू उघडत जाणारा आवाज करायचा आणि खाली हाउसचा ठेका सोडायचा. त्यांच्या 2001 च्या 'डिस्कव्हरी' अल्बममधली बरीच गाजलेली गाणी अशा तुकड्यांवर उभी आहेत. 'डिजिटल लव्ह'मध्ये जॉर्ज ड्यूकचा तुकडा आहे, 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर'मध्ये एडविन बर्डसाँगचा, 'वन मोअर टाइम'मध्ये एडी जॉन्सच्या 'मोअर स्पेल ऑन यू'चा. तिन्ही तुकडे 1979 च्या तबकड्यांतले, म्हणजे कोमिस्की पार्कच्याच वर्षातले.

कला म्हणून सॅम्पलिंग थोर आहे, यात मला शंका नाही. 'वन मोअर टाइम' ऐकल्यावर कुणालाच शंका राहणार नाही. पण त्याच्या हिशेबात एक गोची आहे. सॅम्पलचे पैसे तबकडीचे हक्क ज्याच्याकडे असतील त्याला जातात, आणि ते हक्क बहुधा गायकाकडे नसतात. एडी जॉन्सचा आवाज जगभरच्या नाचघरांत घुमत होता आणि तो स्वतः हलाखीत जगत होता. वीस वर्षं त्याच्या हाती काहीच आलं नाही, हे 2021 मध्ये छापून आलं तेव्हा लोकांना कळलं. डाफ्ट पंकने कायद्याने द्यायचे ते पैसे दिले होते. ते भलतीकडे गेले.

2008 च्या सुमारास दोघांनी नव्या अल्बमला हात घातला तेव्हा त्यांना आपल्याच पद्धतीचा कंटाळा आला होता. संगणकावर घरबसल्या कुणालाही काहीही करता येऊ लागलं होतं आणि म्हणूनच सगळ्यांचं सगळं एकसारखं वाजू लागलं होतं. त्यांनी वेगळंच ठरवलं. ज्या तबकड्या आपण कापत आलो, त्या मुळात तयार कशा झाल्या? तसंच काम करून पाहू. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि पॅरिसमधले मोठे जुने स्टुडिओ घेतले आणि त्या काळात वाजवलेली, अजूनही वाजवणारी माणसं गाठली. ड्रमर जॉन 'जेआर' रॉबिन्सन, ज्याने मायकेल जॅक्सनच्या 'ऑफ द वॉल'मध्ये वाजवलं होतं. ओमर हकीम, बोवीच्या 'लेट्स डान्स'मधला. गिटारवादक पॉल जॅक्सन ज्युनियर, 'थ्रिलर'वाला. मोरोडरला तर त्यांनी वाजवायलाही सांगितलं नाही. माइकसमोर बसवून आयुष्याची कहाणी सांगायला लावली आणि ते बोलणं एका गाण्यात वापरलं. काळ बदलेल तसा आवाजाचा पोत बदलावा म्हणून त्याच्यासमोर वेगवेगळ्या दशकांतले तीन माइक ठेवले होते. हा फरक कुणाला ऐकू येणार? बहुधा कुणालाच नाही, पण हौसेला मोल नसतं.

वादन चुंबकीय टेपवर आणि संगणकावर असं एकाच वेळी मुद्रित केलं जायचं आणि मग कुठलं बरं वाटतं ते ऐकून ठरवायचं. टेपचा महिमा सांगणारे लोक त्याला 'ऊब' म्हणतात. यात जादू नाही. टेपवर आवाज खूप जोरात भरला की त्याची टोकं किंचित दबतात, बोथट होतात आणि तेवढ्याने ड्रमचा फटका कानाला टोचत नाही, भरीव लागतो. पण खरा फरक टेपचा नाही, वेळेचा आहे. संगणकात ठेका लावला की प्रत्येक फटका आखलेल्या रेघेवर बरोबर पडतो. माणूस वाजवतो तेव्हा तो काही हजारांश सेकंद अलीकडे-पलीकडे होतो. चांगला ड्रमर हे चुकून करत नाही. स्नेअर जराशी मागे ओढली की गाणं ऐसपैस वाटतं, पुढे रेटली की घाई वाटते. बेसवादक त्या ओढीशी जुळवून घेतो. तबलजी आणि गवई एकमेकांना जसं सांभाळतात तसंच हे. एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवल्याशिवाय ते नीट साधत नाही.

'गेट लकी' मिनिटाला 116 ठोक्यांच्या गतीने चालतं. हकीमचं वादन ऐकताना पहिल्यांदा वाटतं की याने काहीच केलेलं नाही. हाच त्याचा मोठेपणा. सहा मिनिटं तोच ठेका, जवळजवळ न सजवता, न डळमळता आणि तरी जिवंत. नेथन ईस्टची बेस मात्र सतत हिंडते. ती मूळ सूर धरते, सोडते, पुढच्या कॉर्डकडे चढत जाते आणि नेमकी पोहोचते. तिच्यात दिवंगत बर्नार्ड एडवर्ड्सची सावली आहे. एडवर्ड्स 1996 मध्ये टोकियोत 'शीक'चा कार्यक्रम वाजवून झाल्यावर हॉटेलात वारला. नाइल त्या वेळी दौऱ्यावर त्याच्यासोबतच होता.

आणि मग नाइलचा उजवा हात. ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. प्रत्येक मात्रेचे चार भाग करा. नाइलचा उजवा हात त्या चारही भागांवर खाली-वर, खाली-वर असा अखंड चालतो, म्हणजे 'गेट लकी'च्या गतीला सेकंदाला जवळजवळ आठ वेळा. हा हात कधीच थांबत नाही. सूर वाजवायचा की नाही हे ठरवतो डावा हात. त्याने तारा दाबल्या की कॉर्ड उमटते, बोटं नुसती सैल केली की तारा मुक्या होतात आणि फक्त 'चक' असा कोरडा खरवडल्यासारखा आवाज येतो. त्यामुळे त्याच गिटारमधून सूरही निघतात आणि तालवाद्यही वाजतं. पुन्हा तो सगळी कॉर्ड वाजवत नाही. बारीक तारांवर दोन-तीन सूर, तेही क्षणभर टिकणारे. खालचा सगळा पट्टा बेससाठी मोकळा. फंकमधली ती फटीची शिस्त ती हीच. ज्या गिटारवर हे वाजतं ती 1960 ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. नाइलच्या हातून तिने इतकी यशस्वी गाणी पाहिली की तिचं नावच 'हिटमेकर' पडलं. त्याचा गिटारचा भाग न्यूयॉर्कमधल्या 'इलेक्ट्रिक लेडी' स्टुडिओत मुद्रित झाला, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने उभारलेल्या. नाइलला 2010 मध्ये कर्करोगाचं निदान झालं होतं आणि त्यातून सावरतानाच त्याने हे काम केलं, हे लक्षात घेऊन ती गिटार ऐकली तर तिचा हसरेपणा आणखी जाणवतो.

सुरांकडे वळू. सबंध गाण्यात चारच कॉर्ड आहेत: बी मायनर, डी, एफ शार्प मायनर, ई. साधारण सव्वाआठ सेकंदांत हे चक्र पुरं होतं आणि चाळीसहून अधिक वेळा फिरतं. कंटाळा का येत नाही? कारण घर कुठलं ते ठरत नाही. पाश्चात्त्य संगीतशास्त्राच्या अभ्यासकांत यावर वाद झाले: गाणं बी मध्ये आहे की एफ शार्पमध्ये? मराठी वाचकाला हा वाद चटकन समजेल, कारण मूर्च्छनेची कल्पना आपल्याला परकी नाही. बी हा षड्ज धरला तर गाण्यातले सूर काफी थाटाचे होतात. त्याच सुरांतला पंचम, म्हणजे एफ शार्प, षड्ज मानला तर आसावरी थाट होतो. सूर तेच, षड्ज बदलला. चक्र सुरू होताना कानाला वाटतं आपण काफीत आहोत. तिसऱ्या कॉर्डवर वाटतं आसावरी हेच खरं. तेवढ्यात चौथी कॉर्ड येते, जी कुठेच विसावू देत नाही आणि पुन्हा पहिलीकडे लोटते. तंबोरा लावून बसलेल्या गवयाला हे अजिबात चालणार नाही. नाचणाऱ्याला हेच हवं असतं, कारण पोहोचल्याचं समाधान मिळालं की माणूस खाली बसतो.

फॅरेल विल्यम्सच्या शब्दांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रात्र, नाच, मैत्री आणि शीर्षकातला द्व्यर्थी इशारा. तो गातो मात्र फार नेमकं, पातळ आणि वरच्या आवाजात, जणू सोल गायक कर्टिस मेफील्डच्या काळातलाच कुणी. मधल्या भागात रोबो येतात. व्होकोडर नावाच्या यंत्रातून माणसाच्या उच्चारांचा साचा सिंथेसायझरच्या सुरावर बसवला जातो आणि यंत्र बोलू लागतं. सगळ्या जिवंत वादनाच्या मध्यभागी यंत्र आहे ते एवढंच, आणि तेही गातंय. रेडिओसाठी चार मिनिटांची छोटी आवृत्ती काढली होती. ती ऐकू नका. त्या घाईत चक्राची नशा चढायच्या आत गाणं संपतं.

गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत पाच आठवडे दुसऱ्यावर अडकून राहिलं आणि त्याच्या वाटेत उभं होतं फॅरेलचाच हात असलेलं 'ब्लर्ड लाइन्स'. जानेवारी 2014 च्या ग्रॅमी सोहळ्यात 'गेट लकी' वर्षातलं सर्वोत्तम ध्वनिमुद्रण ठरलं आणि ते ज्यात होतं तो 'रँडम ॲक्सेस मेमरीज' वर्षातला सर्वोत्तम अल्बम. मंचावर नाइल आणि फॅरेलबरोबर स्टीव्ही वंडर गायला. सबंध अल्बम या गाण्याच्या तोलाचा आहे असं मला कधी वाटलं नाही. काही गाणी पॉलिश करता करता गुळगुळीत झाली आहेत.

त्या दोन प्रतिस्पर्धी गाण्यांची पुढची कथा मात्र बोलकी आहे. 'ब्लर्ड लाइन्स'चे निर्माते मार्विन गेच्या 1977 च्या 'गॉट टु गिव्ह इट अप'चा माहोल उभा करायला गेले. गेच्या वारसांनी कोर्टात खेचलं आणि 2015 मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई कमी होऊन शेवटी सुमारे 50 लाख डॉलरवर आली. माहोलावर, ठेक्यावर, पार्टीच्या गलबल्यावर कुणाची मालकी कशी असेल, म्हणून अनेक संगीतकार हादरले. त्यांचं चुकत नव्हतं. असे निकाल वाढले तर परंपरेत राहून कुणाला काही करताच येणार नाही. त्याच वर्षी मार्क रॉन्सन आणि ब्रुनो मार्स यांचं 'अपटाउन फंक' अमेरिकेत 14 आठवडे अव्वल होतं. तिथे कोर्टाची पायरी चढायच्या आतच 'गॅप बँड'च्या 1979 च्या एका गाण्याच्या कर्त्यांची नावं श्रेयात घालण्यात आली. 'गेट लकी'वर असा दावा कुणी करायचा? ज्याच्या शैलीवर ते उभं आहे तो चार संगीतकारांपैकी एक म्हणून अधिकृतपणे नोंदला गेला होता. 'रॅपर्स डिलाइट'च्या वेळी जे नाव भांडून लावून घ्यावं लागलं, ते इथे पहिल्या दिवसापासून होतं.

पुढे हा ओघ वाढतच गेला. 2020 मध्ये लोक घरात कोंडले असताना दुआ लीपाचा 'फ्यूचर नॉस्टॅल्जिया', जेसी वेअर, कायली मिनोग, 'बीटीएस'चं 'डायनामाइट' अशी डिस्कोची रांगच लागली. नाचघरं बंद आणि नाचगाणी जोरात. यातली पुष्कळशी गाणी संगणकावरच्या तयार आवाजांतून जुळवलेली आहेत आणि त्यातली काही उत्तमही आहेत. बियॉन्सेने 2022 च्या 'रेनेसाँस'मध्ये 'कफ इट'साठी नाइललाच बोलावलं, त्यालाही ग्रॅमी मिळालं. डाफ्ट पंक मात्र फेब्रुवारी 2021 मध्ये एक चित्रफीत प्रसिद्ध करून विसर्जित झाले. त्यानंतर टोमा बांगाल्तेरने हेल्मेट उतरवून एका बॅलेसाठी पूर्ण वाद्यवृंदाचं संगीत लिहिलं.

ज्यांना हे सगळं कानांनी तपासून पाहायचं आहे त्यांच्यासाठी एक सोय झालेली आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये 'रँडम ॲक्सेस मेमरीज'ची एक विचित्र आवृत्ती निघाली: तीच गाणी, तीच क्रमवारी, पण सगळे ड्रम काढून टाकलेले. नाचगाण्यातून ड्रम काढणं म्हणजे वेडेपणाच, पण 'गेट लकी' त्या अवतारात लावून पाहा. हकीमचा किक नाही, हाय-हॅटचा 'त्स्स' नाही. उरते नेथन ईस्टची बेस आणि नाइलची ती पातळ 'चकचक'. दुसऱ्या चक्रापर्यंत पाय हलायला लागतो, काढून टाकलेला ठोका नेमका कुठे होता ते गिटारच्या मुक्या तारांवरून कळतं, आणि जिथे स्नेअर पडायची तिथे आपणच टाळी देऊन जातो.